विश्लेषण : ‘अ एसक्यूएल’ की ‘ॲन एसक्यूएल’? लघुरूपाआधीचे आर्टिकल डोळ्याने नव्हे, कानाने का ठरते?

इंग्रजीत ‘यूआरएल’च्या आधी ‘अ’ लिहायचे की ‘ॲन’? ‘एसएमएस’च्या आधी काय? कंपनीतला ईमेल असो, कॉलेजचा प्रोजेक्ट रिपोर्ट असो की एखाद्या सॉफ्टवेअरचे मॅन्युअल, लिहिणाऱ्याचा हात या जागी क्षणभर थांबतो. मग शाळेत पाठ केलेला नियम आठवतो, त्याप्रमाणे लिहिले जाते आणि नेमके तिथेच चुकते. वरिष्ठ लाल खूण करतात, कधी ‘इंग्रजी कच्चे आहे’ असा शेराही मारतात. प्रत्यक्षात अडचण इंग्रजी कच्चे असण्याची नाही, नियम अर्धाच शिकवला गेल्याची आहे. उरलेला अर्धा नियम कानाचा आहे, आणि मराठी वाचकाच्या बाबतीत त्याचे उत्तर बहुतेक वेळा देवनागरीत आधीच लिहिलेले असते.

मोठे तंत्रज्ञही या जागी अडखळतात का?

अडखळतात. ‘पोस्टग्रेसक्यूएल’चे उदाहरण बोलके आहे. माहिती साठवण्यासाठी जगभर वापरला जाणारा हा मुक्त डेटाबेस. अमेरिकेतल्या बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८६ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पातून तो घडला आणि १९९६ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. त्याचे दस्तऐवज अतिशय काटेकोर मानले जातात. तरीही वर्षानुवर्षे वेगवेगळ्या लोकांनी लिहिल्यामुळे त्यात काही ठिकाणी ‘अ एसक्यूएल’ आणि काही ठिकाणी ‘ॲन एसक्यूएल’ अशी सरमिसळ झाली होती.

२०२१ मध्ये या प्रकल्पातल्या मंडळींनी ही सरमिसळ दूर केली. एसक्यूएलच्या अधिकृत मानकात ‘ॲन’चा वापर दिसतो आणि स्वतःच्या दस्तऐवजांतही तोच अधिक आहे, हे पाहून सगळीकडे ‘ॲन एसक्यूएल’ करण्यात आले. त्याच फेरीत ‘एफएसएम’सारख्या काही लघुरूपांआधी ‘ॲन’ आले. उलट ‘एसएएसएल’ हे लघुरूप ‘सॅसल’ असे शब्दासारखे उच्चारले जाते, म्हणून त्याच्याआधी ‘अ’ ठेवण्यात आला. दस्तऐवजांबरोबर एरर मेसेजही सुधारले गेले. प्रोग्रामच्या आत फक्त प्रोग्रामरला दिसणाऱ्या टिपांना मात्र हात लावला नाही; तेवढा खटाटोप करण्यात अर्थ नव्हता.

या एका उदाहरणात सगळा विषय आला. रोमन लिपीत एसक्यूएल आणि सॅसल यांचे पहिले अक्षर एकच, ‘एस’. तरीही एकाला ‘ॲन’ लागते, दुसऱ्याला ‘अ’. फरक उच्चाराचा आहे.

मग नियम नेमका काय?

शाळेत शिकवला जाणारा नियम असा : शब्द ए, ई, आय, ओ, यू या पाच अक्षरांपैकी एकाने सुरू झाला तर ‘ॲन’, नाहीतर ‘अ’. पाठ करायला सोपा आणि ‘ॲपल’, ‘एलिफंट’, ‘बॉल’, ‘कॅट’ यांना चालणारा. पण हा नियम अक्षरांचा आहे आणि भाषेचा व्यवहार ध्वनीवर चालतो.

खरा नियम असा : पुढच्या शब्दाचा उच्चार स्वराने सुरू होत असेल तर ‘ॲन’, व्यंजनाने सुरू होत असेल तर ‘अ’. अक्षर कोणते आहे, हे पाहायचेच नाही. म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’, पण ‘ॲन अम्ब्रेला’. दोन्हींचे पहिले अक्षर ‘यू’ असले तरी पहिल्यात कानाला ‘य’ ऐकू येतो, दुसऱ्यात ‘अ’. तसेच ‘ॲन अवर’, कारण त्यातला ‘एच’ मुका आहे. संगणकाच्या पडद्यावर रोज भेटणारी जोडीही अशीच : ‘अ यूजर’, पण ‘ॲन अपडेट’.

साध्या शब्दांत असे अपवाद मोजकेच असतात, त्यामुळे अर्ध्या नियमावर शाळा निभावून जाते. लघुरूपे आली की तो कोसळतो. कारण लघुरूपात अक्षराचा उच्चार नसतो, अक्षराच्या नावाचा उच्चार असतो.

कोणती अक्षरे फसवतात?

इंग्रजीच्या २६ अक्षरांची नावे देवनागरीत लिहून पाहिली की चित्र स्पष्ट होते.

स्वराने सुरू होणारी नावे १२ : ए, ई, एफ, एच, आय, एल, एम, एन, ओ, आर, एस, एक्स. यांच्याआधी ‘ॲन’.

व्यंजनाने सुरू होणारी नावे १४ : बी, सी, डी, जी, जे, के, पी, क्यू, टी, यू, व्ही, डब्ल्यू, वाय, झेड. यांच्याआधी ‘अ’.

आता ही यादी शाळेच्या नियमाशी ताडून पाहा. एफ, एच, एल, एम, एन, आर, एस आणि एक्स ही आठ अक्षरे व्यंजने म्हणून शिकवली जातात, पण त्यांची नावे स्वराने सुरू होतात. उलट ‘यू’ स्वर म्हणून शिकवला जातो, पण त्याच्या नावात सुरुवातीला ‘य’ आहे. म्हणजे २६ पैकी नऊ अक्षरांवर शाळेचा नियम चुकीचे उत्तर देतो. आणि तंत्रज्ञानातली लघुरूपे नेमकी याच अक्षरांनी सुरू होताना दिसतात : एचटीएमएल, एचडीएमआय, एलईडी, एनएफसी, आरएफआयडी, एसएसडी, एक्सएमएल, यूएसबी, यूआरएल.

या नावांची अशी घडण का झाली, यालाही कारण आहे. बरीचशी नावे लॅटिनमधून आली. ‘ब’, ‘द’, ‘प’ यांसारख्या क्षणात संपणाऱ्या ध्वनींच्या मागे लॅटिनमध्ये स्वर जोडला गेला, तर ‘फ’, ‘ल’, ‘म’, ‘न’, ‘र’, ‘स’ यांसारख्या लांबवता येणाऱ्या ध्वनींच्या पुढे स्वर लागला. त्यामुळे एकीकडे ‘बी, डी, पी’ आणि दुसरीकडे ‘एफ, एल, एम’ अशी विभागणी झाली. आपल्या वर्णमालेत क, ख, ग सगळ्यांच्या मागे ‘अ’ येतो, म्हणून ही गंमत आपल्याला सहसा जाणवत नाही.

देवनागरीचा उपयोग कसा करायचा?

मराठी वर्तमानपत्रे लघुरूपे उच्चाराप्रमाणे छापतात. एसटी, एमपीएससी, यूपीएससी, एटीएम, एफआयआर, एनजीओ. रोमन लिपीत तीन मोठी अक्षरे टंकून लेखक मोकळा होतो; ती वाचायची कशी, हे त्याला ठरवावे लागत नाही. देवनागरीत लिहिताना मात्र उच्चार आधी ठरवावाच लागतो. आर्टिकल निवडायला नेमकी तीच माहिती हवी असते.

म्हणून युक्ती सोपी आहे. लघुरूप मनात देवनागरीत लिहा आणि पहिले अक्षर पाहा. अ, आ, इ, ई, उ, ऊ, ए, ऐ, ओ, औ, ॲ, ऑ यांपैकी काही असेल तर ‘ॲन’. बाकी काहीही असेल तर ‘अ’.

एमबीए : ए ने सुरुवात, म्हणून ‘ॲन एमबीए’.
यूपीआय : य ने सुरुवात, म्हणून ‘अ यूपीआय पेमेंट’.
एफआयआर : ‘ॲन एफआयआर’.
ईएमआय : ‘ॲन ईएमआय’.
पीडीएफ : ‘अ पीडीएफ’.
एक्स-रे : ‘ॲन एक्स-रे’.
यूएसबी : ‘अ यूएसबी केबल’.
आरटीआय : ‘ॲन आरटीआय ॲप्लिकेशन’.

एक खबरदारी घ्यावी लागते. मराठी बोलीत शब्दाच्या सुरुवातीचा ‘ए’ अनेकदा ‘ये’ किंवा ‘य’ होतो. गावाकडे एसटीची ‘यष्टी’ होते, एलआयसीची ‘यल आय सी’ होते. बोलायला त्यात काही गैर नाही. पण त्या उच्चाराने पाहिले तर सुरुवातीला ‘य’ येईल आणि आर्टिकल चुकेल. इथे इंग्रजीचा प्रमाण उच्चार धरायचा.

अक्षरे सुटी वाचायची की शब्दासारखी?

दुसरा खड्डा इथे आहे. काही लघुरूपे अक्षर-अक्षर करून वाचली जातात, काही सबंध शब्द म्हणून. शब्द म्हणून वाचली की अक्षराच्या नावाचा संबंध उरत नाही.

महाराष्ट्रातली उदाहरणे घेऊ. म्हाडा आणि एमआयडीसी ही दोन्ही नावे रोमन लिपीत ‘एम’ने सुरू होतात. पण इंग्रजीत ‘अ म्हाडा फ्लॅट’ आणि ‘ॲन एमआयडीसी प्लॉट’. कारण ‘एम-एच-ए-डी-ए’ असे कोणी म्हणत नाही आणि एमआयडीसीचा शब्द कोणी करत नाही. घरांच्याच बाबतीत : ‘अ सिडको फ्लॅट’, पण ‘ॲन एसआरए फ्लॅट’. परीक्षांच्या बाबतीत : ‘अ नीट स्कोअर’, पण ‘ॲन एनडीए कॅडेट’.

संगणक आणि मोबाइलच्या जगातही अशाच जोड्या आहेत. एकाच अक्षराने सुरू होणारी ही लघुरूपे पाहा :

एस : ‘अ सिम कार्ड’, पण ‘ॲन एसएमएस’.
एल : ‘अ लॅन केबल’, पण ‘ॲन एलईडी’.
आर : ‘अ रॅम मॉड्यूल’, पण ‘ॲन आरएफआयडी टॅग’.
एन : ‘अ नासा मिशन’, पण ‘ॲन एनजीओ’.
यू : ‘अ युनेस्को साइट’ आणि ‘अ यूएन रिपोर्ट’. इथे दोन्हीकडे ‘य’ असल्याने दोन्हींना ‘अ’.

मराठी वाचकाला हा भेद वेगळा शिकवावा लागत नाही. ‘म्हाडा’ आणि ‘एमआयडीसी’ हे त्याने रोजच्या वर्तमानपत्रात तसेच वाचलेले असते.

‘एसक्यूएल’चा वाद मग संपत का नाही?

कारण लोक ते दोन प्रकारे उच्चारतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएमचे डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी ही भाषा तयार केली. १९७४ मध्ये ती मांडली गेली तेव्हा तिचे नाव ‘सीक्वल’ होते. ‘स्ट्रक्चर्ड इंग्लिश क्वेरी लँग्वेज’ या शब्दांतून ते बनवले होते. पुढे हे नाव एका ब्रिटिश विमान कंपनीच्या ट्रेडमार्कमध्ये अडकते असे लक्षात आले. मग स्वर गाळून ‘एसक्यूएल’ उरले. लिहिण्यात नाव बदलले, पण अनेकांच्या तोंडात जुने नाव कायम राहिले.

त्यामुळे ‘सीक्वल’ म्हणणाऱ्याला ‘अ’ बरोबर वाटते आणि ‘एस-क्यू-एल’ म्हणणाऱ्याला ‘ॲन’. दोघेही आपापल्या उच्चाराशी प्रामाणिक आहेत. ओरॅकल आणि मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजांत ‘अ’चा वापर आढळतो, तर पोस्टग्रेसक्यूएलने ‘ॲन’ निवडले. ‘मायएसक्यूएल’च्या मॅन्युअलमध्ये तर अधिकृत उच्चार अक्षरे सुटी वाचण्याचा असल्याचे सांगून, कोणी ‘माय सीक्वल’ म्हटले तरी आमची हरकत नाही, अशा अर्थाची मोकळीकही दिली आहे.

प्रत्येक उच्चारवादाचा आर्टिकलवर परिणाम होतोच असे नाही. १९८७ मध्ये आलेल्या चित्रांच्या एका फॉरमॅटला ‘जिफ’ म्हणायचे की ‘गिफ’, यावर जगभर भांडणे झाली. पण ‘ज’ असो की ‘ग’, दोन्ही व्यंजनेच. आर्टिकल दोन्हीकडे ‘अ’. ‘एफएक्यू’चे तसे नाही. सुटी अक्षरे वाचली तर ‘ॲन एफएक्यू’, पण काही जण ‘फॅक’ असा शब्द करतात, त्यांच्यासाठी ‘अ’.

‘एच’चे काय? ‘हेच’ म्हणणाऱ्यांनी काय करायचे?

आयर्लंडमध्ये आणि दक्षिण भारतातल्या अनेकांच्या बोलण्यात या अक्षराचे नाव ‘हेच’ असे ऐकू येते. त्यांच्या कानाला ‘अ हेचटीटीपी रिक्वेस्ट’ बरोबर वाटणार. पण इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेच्या दस्तऐवजांत ‘ॲन एचटीटीपी’ असेच आढळते, आणि तांत्रिक लेखनात तेच रूढ आहे. मराठीत आपण ‘एचएससी’, ‘एचआर’ असेच म्हणतो, त्यामुळे इथे मराठी माणसाला अडचण येण्याचे कारण नाही.

लघुरूपाचे पूर्ण रूप लिहिले तर?

आर्टिकल पुढच्याच शब्दाशी बांधलेले असते. तो शब्द बदलला की आर्टिकलही बदलू शकते. सगळ्यात चांगले उदाहरण आपल्या खिशातल्या फोनमध्ये आहे. ‘ॲन ओटीपी’ बरोबर. पण पूर्ण रूप लिहिले की ‘अ वन-टाइम पासवर्ड’. इंग्रजीत दोन्हींची सुरुवात ‘ओ’ अक्षरानेच होते, पण ‘वन’च्या उच्चारात आधी ‘व’ येतो. तसेच ‘ॲन एफआयआर’, पण ‘अ फर्स्ट इन्फर्मेशन रिपोर्ट’.

तांत्रिक दस्तऐवजात आधी पूर्ण रूप आणि लगेच कंसात लघुरूप देण्याची पद्धत आहे. अशा वेळी आर्टिकल पूर्ण रूपाप्रमाणे ठेवायचे, कारण वाचणारा तेच आधी वाचतो. पुढच्या परिच्छेदात नुसते लघुरूप आले की आर्टिकल नव्याने तपासायचे. मसुद्यात ‘फाइंड अँड रिप्लेस’ करून पूर्ण रूपांच्या जागी लघुरूपे टाकणाऱ्यांची चूक नेमकी इथे होते. शब्द बदलतो, मागचा ‘अ’ तसाच राहतो.

आकड्यांनाही हाच न्याय. वीज क्षेत्रातल्या कागदपत्रांत ‘११ केव्ही’ आणि ‘३३ केव्ही’ रोज लिहिले जाते. आपला डोळा ते ‘अकरा’ आणि ‘तेहतीस’ वाचतो, पण वाक्य इंग्रजी आहे. ‘इलेव्हन’ स्वराने सुरू होतो म्हणून ‘ॲन ११ केव्ही फीडर’, आणि ‘थर्टी थ्री’ व्यंजनाने म्हणून ‘अ ३३ केव्ही फीडर’. ८, ११, १८ आणि ८० ते ८९ हे आकडे आले की ‘ॲन’ आठवावे. ‘वन’ने सुरू होणाऱ्या आकड्यांना ‘अ’ लागतो.

सॉफ्टवेअरचे मेसेज का चुकतात?

ॲपमधले बरेच मेसेज आयत्या साच्यातून तयार होतात. वाक्य ठरलेले असते आणि मधली एक जागा मोकळी ठेवलेली असते. प्रोग्राम तिथे कधी ‘ओटीपी’, कधी ‘यूआरएल’, कधी ‘लिंक’ भरतो. साच्यात ‘अ’ कायमचा बसवला असेल तर ‘अ ओटीपी’ असा मेसेज लाखो लोकांच्या फोनवर जातो.

यावर बरेच नवशिके प्रोग्रामर शाळेचा नियम जसाच्या तसा कोडमध्ये उतरवतात : पहिले अक्षर पाचपैकी असेल तर ‘ॲन’. मग ‘ॲन यूआरएल’ आणि ‘अ एसएमएस’ ही दोन्ही चुकीची रूपे यंत्र न थकता छापत राहते. उपाय दोन आहेत. शब्दांची यादी मर्यादित असेल तर प्रत्येक शब्दासोबत त्याचे आर्टिकलही साठवून ठेवावे. नाहीतर वाक्यच असे रचावे की आर्टिकलची गरज पडू नये; अनेकवचन वापरावे किंवा ‘युवर ओटीपी’ असे लिहावे.

मराठीत आर्टिकल नाही म्हणून मराठी मेसेज सुटतात, असेही नाही. आपल्याकडे हीच अडचण लिंगाच्या रूपाने येते. ओटीपी ‘आला’, कारण मनात ‘पासवर्ड’ असतो. पीडीएफ ‘उघडली’, कारण मनात ‘फाइल’ असते. एसटी ‘आली’, कारण ती ‘गाडी’ आहे. यूआरएल ‘उघडला’ की ‘उघडली’? मनात पत्ता असेल तर पहिले, लिंक असेल तर दुसरे. साच्यात ‘तुमचा’ बसवून पुढची जागा मोकळी सोडली की ‘तुमचा आधार कार्ड’ असा मेसेज तयार होतो आणि वाचणाऱ्याला खडा लागल्यासारखे होते. इंग्रजी वाचकाला ‘अ ओटीपी’ असाच टोचतो.

हा ‘न’ आला तरी कुठून?

तो नंतर जोडलेला नाही, उलट गळून गेलेला आहे. जुन्या इंग्रजीत या शब्दात ‘न’ होताच आणि त्याचा अर्थ होता ‘एक’. पुढे व्यंजनाआधी हा ‘न’ उच्चारात गळाला, स्वराआधी टिकला. म्हणजे ‘अ’ आणि ‘ॲन’ ही एकाच शब्दाची दोन रूपे आहेत, आणि त्यांची वाटणी पहिल्यापासून बोलणाऱ्याच्या जिभेने केली आहे.

ऐकण्यावर चालणाऱ्या या व्यवहारात गमतीही झाल्या. क्रिकेटमधला ‘अंपायर’ हा शब्द मुळात ‘न’ने सुरू होत होता. ‘दोन्ही बाजूंचा नसलेला तिसरा’ अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून तो आला. पण ‘अ नंपायर’सारखा उच्चार ऐकताना लोकांनी ‘न’ आर्टिकलला जोडून टाकला आणि उरला ‘ॲन अंपायर’. ‘एप्रन’चेही असेच झाले, त्याचा मूळ शब्द ‘नेप्रन’सारखा होता. उलट ‘निकनेम’मधला ‘न’ आर्टिकलकडून शब्दाकडे आला. शब्दांची तोंडे बदलण्याइतकी ताकद या एका ध्वनीत होती.

एवढ्याशा गोष्टीसाठी एवढा खटाटोप कशाला?

प्रश्न रास्त आहे. ‘अ एसएमएस’ लिहिल्याने सर्व्हर बंद पडत नाही आणि अर्थही बदलत नाही. तरी तीन कारणांसाठी हे नीट असावे.

पहिले, विश्वास. तांत्रिक दस्तऐवज वाचणारा माणूस अडचणीत असताना तो उघडतो. एकाच पानावर एकाच शब्दाआधी कधी ‘अ’, कधी ‘ॲन’ दिसले की हे पान कोणी तपासले तरी आहे का, अशी शंका येते. मग आकडे आणि कमांड यांच्यावरचा विश्वासही कमी होतो.

दुसरे, खर्च. अनेक सॉफ्टवेअरमध्ये भाषांतर मूळ इंग्रजी वाक्याला जोडलेले असते. त्या वाक्यातले एक अक्षर बदलले तरी जोड सुटते आणि प्रत्येक भाषेतल्या भाषांतरकाराला ते वाक्य पुन्हा पाहावे लागते. म्हणून हा निर्णय शेवटी दुरुस्तीत नव्हे, सुरुवातीलाच घ्यायला हवा. एसक्यूएलसारख्या दोन उच्चारांच्या शब्दांची छोटी यादी करावी, संस्थेचा उच्चार ठरवावा आणि तो सगळ्यांनी पाळावा. कोणता निवडला यापेक्षा एकच निवडला, हे महत्त्वाचे.

तिसरे कारण माणसांचे आहे. राज्यातल्या मराठी शाळांत २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. २०२१ मध्ये एआयसीटीईने मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिक्षणाची वाट मोकळी केली. मराठीतून शिकलेली मुले आता सॉफ्टवेअर लिहितात आणि त्याचे दस्तऐवजही लिहितात. त्यांच्या मसुद्यात ‘ॲन यूआरएल’ दिसले, की ती त्यांच्या बुद्धीची कमतरता धरली जाते. खरे तर त्यांनी शाळेचा नियम तंतोतंत पाळलेला असतो. चूक नियम सांगणाऱ्याची आणि शिक्षा पाळणाऱ्याला, असा हा प्रकार आहे.

तो थांबवायला फार काही लागत नाही. पाठ्यपुस्तकात ‘पाच अक्षरे’ या शब्दांच्या जागी ‘स्वराचा उच्चार’ एवढे लिहिले आणि उदाहरणांत ‘ॲपल’च्या जोडीला ‘एसएमएस’ आणि ‘यूपीआय’ दिले तरी पुरे. मसुदे तपासणाऱ्यांनीही लाल खुणेसोबत ‘उच्चार करून पाहा’ हे तीन शब्द लिहावेत. नुसत्या खुणेने एक चूक सुधारते, कारण सांगितले की पुढच्या शंभर टळतात.

लक्षात ठेवा

• अक्षर पाहू नका, उच्चार ऐका.
• लघुरूप देवनागरीत लिहून पाहा. स्वराने सुरुवात असेल तर ‘ॲन’, नाहीतर ‘अ’.
• एफ, एच, एल, एम, एन, आर, एस, एक्स : सुटे वाचले तर ‘ॲन’. यू : सुटा वाचला तर ‘अ’.
• शब्दासारखे वाचले जाणारे लघुरूप असेल तर शब्दाचा पहिला ध्वनी पाहा : ‘अ म्हाडा फ्लॅट’, ‘अ सिम कार्ड’.
• पूर्ण रूपाच्या जागी लघुरूप टाकले की मागचे आर्टिकल पुन्हा तपासा.
• दोन उच्चार असलेल्या शब्दांसाठी आपल्या टीमने एकच उच्चार ठरवावा आणि तो लिहून ठेवावा.

मराठी माध्यमातून आलो म्हणून इंग्रजी लेखनात आपण मागे, असे अनेकांना वाटते. निदान या एका बाबतीत उलटे आहे. जसे बोलतो तसे लिहिण्याची सवय लावणारी लिपी आपल्या हाताशी आहे. इंग्रजी मसुदा लिहिताना ती क्षणभर वापरली, तर ‘अ’ की ‘ॲन’ या प्रश्नापाशी हात थांबण्याचे कारण उरत नाही.